पुढचं चार, मागचं नऊ

आमच्या गल्लीत खडूबाईचं नाव निघालं की लोक अजून म्हणतात, "ती ना? चाक न बघता पावत्या फाडणारी." मी तिथे असलो तर नुसती मान हलवतो. गेल्या महिन्यात मी माझा पार्किंगचा परवाना वॉर्ड ऑफिसात परत केला आणि गाडी विकून टाकली. आता माझं कुणी काही काढून घेऊ शकत नाही, म्हणून खडूबाईबद्दल मला जे माहीत आहे ते लिहायला बसलोय. लिहिताना मला माझाच राग येणार आहे. वाक्यं तिरसट आली तर सांभाळून घ्या.

आमची गल्ली चढाची आणि अरुंद. गाड्या एकाच बाजूला लागतात, त्याही फक्त रहिवाशांच्या. एका घराला एक परवाना, तो काचेवर निळ्या स्टिकरच्या रूपात. पण परवाना मिळाला म्हणजे जागा आपल्या बापाची झाली असं नाही. नियम आठ सांगतो की अठ्ठेचाळीस तासांत गाडी एकदा तरी जागेवरून हलली पाहिजे. नाहीतर लोक रस्त्यालाच गॅरेज करतात, आणि आमच्या गल्लीनं ते केलंच असतं. वर्षात तीन चुका झाल्या की परवाना वर्षभरासाठी रद्द. मग गाडी न्यायची पुलापलीकडच्या सार्वजनिक पार्किंगमध्ये. धडधाकट माणसाला तिथून चालत यायला अकरा मिनिटं लागतात. मी मोजली आहेत.

गाडी हलली की नाही हे बघायचं काम खडूबाईचं. उंच, काटकुळी, पन्नाशीची बाई. उजवा गुडघा कुरकुरायचा, म्हणून काखेत रबराचा एक तुकडा असायचा. तो जमिनीवर टाकून ती प्रत्येक गाडीपाशी वाकायची. सुरुवातीला ती टायरवर खडूची रेघ मारायची आणि दोन दिवसांनी येऊन बघायची. रेघ तिथेच दिसली की पावती. आमची गल्ली काही दुधखुळी नव्हती. आठवडाभरात घरोघरी एक ओलं फडकं दाराशी टांगलं गेलं आणि ती वळली की रेघा गायब व्हायला लागल्या. आम्हाला वाटलं, जिरवली.

खडूबाईनं खडू टाकला आणि वही काढली. चाकात हवा भरायचा जो व्हॉल्व्ह असतो, तो घड्याळातल्या कुठल्या आकड्यावर आहे ते ती लिहायला लागली. पुढच्या चाकाचा आकडा, मागच्या चाकाचा आकडा, तारीख, वेळ. दोन दिवसांनी दोन्ही आकडे तेच निघाले तर गाडी हललेली नाही. आता काय पुसणार? तिनं गल्लीच्या नाकी नऊ आणले. खडू गेला तरी नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच.

तिला वशिला चालायचा नाही. स्वतःच्या भाचीच्या नवऱ्याची पावती तिनं भर रस्त्यात फाडली होती, आणि तो म्हणे नंतर वर्षभर तिच्या घरची पायरी चढला नाही. ती भाऊ-वहिनीकडे राहायची, लग्न केलेलं नव्हतं. कुणाकडे कपभर चहासुद्धा घ्यायची नाही. एकदा सकाळी तिच्या मनगटावरचं घड्याळ मध्येच बंद पडून पुन्हा चालू झालं असं तिच्या लक्षात आलं, तेव्हा तिनं त्या सकाळच्या सगळ्या पावत्या रद्द करून टाकल्या. वेळेची खात्री देता येत नाही म्हणाली. माझी पहिली चूकही त्यातच रद्द झाली असती, पण मी नेमका आदल्या दिवशी सापडलो होतो. माझं नशीब हे असंच.

आता माझं. मी लिफ्टचा मेकॅनिक, निवृत्त. घरात मी आणि ही, म्हणजे माझी बायको. हिची मूत्रपिंडं गेलेली, आठवड्यातून तीनदा सकाळी सातला डायलिसिस. परत येताना हिला पायावर उभं राहवत नसे. गाडीचं दार ते इमारतीचं दार एवढी बारा पावलं आम्ही मध्ये एकदा थांबून टाकायचो. टॅक्सीचा प्रयोग करून बघितला होता. दोनदा टॅक्सी आलीच नाही, आणि उशिरा पोचलं की तिथे तुमचा वेळ कापतात, दुसरा माणूस मशीनसाठी थांबलेला असतो. तेव्हा दारातली जागा ही माझ्यासाठी सोय वगैरे नव्हती. तिच्यावर हिचा जीव चालत होता.

वर्षातल्या दोन चुका माझ्या नावावर आधीच होत्या. एकदा स्टिकर गळून सीटखाली पडला होता, एकदा मागचं चाक पिवळ्या पट्ट्यावर वीतभर गेलं होतं. तिसरी झाली ती अशी. मंगळवारी सकाळी डायलिसिस करून आलो, गाडी दारात लावली. रात्रीपासून हिला ताप. डॉक्टर फोनवर म्हणाले, गुरुवारचं डायलिसिस शुक्रवारी करू, तोवर घरीच झोपून राहू द्या. मी दोन दिवस हिच्या कपाळावर पट्ट्या ठेवत बसलो. खाली उतरून गाडी दहा पावलं पुढे-मागे करायला दोन मिनिटं लागली असती, पण ते माझ्या डोक्यातच आलं नाही. गुरुवारी संध्याकाळी खाली बघतो तर वायपरखाली पावती. मंगळवार दुपारी दोन, पुढचं चार, मागचं नऊ. गुरुवार दुपारी चार, पुढचं चार, मागचं नऊ.

गाडी हलली नव्हती. हे मी इथेच स्पष्ट लिहून ठेवतो, कारण यानंतर मी ते कुठेच कबूल केलेलं नाही.

हॉस्पिटलात दाखल असल्याचं पत्र असेल तर नियम आठमध्ये माफी आहे. आमचा ताप घरातला होता, तो नियमात बसत नव्हता. मी ऑफिसात फोन करून विचारलंसुद्धा. तिकडची बाई म्हणाली, "वाईट वाटतं हो, पण पत्र नसेल तर नाही." मग मी अपील लिहायला बसलो. आयुष्यभर पुली, तार आणि चाकं हाताळलेला माणूस मी. खडूबाईच्या पद्धतीत कुठे भोक आहे ते मला केव्हापासून माहीत होतं. मी लिहिलं की बुधवारी संध्याकाळी औषधं आणायला मी गाडी घेऊन गेलो होतो, दुकानाची पावती हरवली. आणि पुढे लिहिलं की पुढचं नि मागचं चाक एकाच गाडीची असतात, ती बरोबरच फिरतात. फेरी मारून आलेली गाडी पुन्हा त्याच आकड्यांवर उभी राहू शकते, तेव्हा आकडे जुळले म्हणजे गाडी हलली नाही हे सिद्ध होत नाही. शेवटचं सगळं खरं होतं. खोटं फक्त पहिलं वाक्य होतं.

हिनं पलंगावर पडल्या पडल्या तो कागद वाचला. चष्मा काढला.

"अहो, बुधवारी तुम्ही कुठे गेला होतात?"

"कुठेच नाही. तुला माहीत आहे."

"मग हे?"

"पुलापलीकडून चालत येशील?"

 कागद घडी घालून तिनं माझ्या हातात दिला.

सुनावणीच्या आदल्या दिवशी दुपारी बेल वाजली. दारात खडूबाई. माझ्या तोंडचं पाणी पळालं. मला वाटलं तिला काहीतरी पुरावा सापडला, कुणीतरी शेजाऱ्यानं सांगितलं. तिच्या हातात माझ्या अपिलाची प्रत होती, आणि त्यातल्या चाकांच्या ओळींखाली पेन्सिलीच्या रेघा.

"तुम्ही हे लिहिलंय ते मला कळत नाहीये," ती म्हणाली. "मी कधी गाडी चालवलेली नाही. मला वाटायचं दोन चाकं म्हणजे दोन साक्षीदार. तुम्ही म्हणता एकच."

"मग?"

"मला दाखवा. त्या दिवशी ज्या रस्त्यानं गेलात त्याच रस्त्यानं जाऊन या. मी इथे बसते."

नाही म्हणायची सोय नव्हती. खाली उतरलो. तिनं आधी दोन्ही आकडे लिहून घेतले आणि रबराचा तुकडा फुटपाथच्या कडेला टाकून त्यावर बसली. मी निघालो, जो रस्ता मी त्या बुधवारी घेतलाच नव्हता त्या रस्त्यानं. औषधाच्या दुकानाला वळसा घालून परत आलो. आकडे वेगळे निघाले. तिनं लिहिले. "पुन्हा," ती म्हणाली. पुन्हा गेलो. वेगळे. तिसऱ्या फेरीला पुढचं जुळलं, मागचं एका आकड्यानं चुकलं. तिनं पेन्सिल ओठाला लावली. चौथ्या फेरीला म्हणाली, "मी आत बसू का? कसं होतं ते बघायचंय." मागच्या सीटवर बसली. तिनं वळणावर पुढची सीट दोन्ही हातांनी धरून ठेवली होती. जन्मभर गाड्यांशेजारी वाकलेली बाई, तिला वळणाची भीती वाटत होती.

पाचवी, सहावी. वर खिडकीत ही उभी होती, गजाला धरून. मी वर बघायचं टाळत होतो.  जुळावं म्हणून मी मनात धावा करत होतो आणि जुळू नये असंही कुठेतरी वाटत होतं, कारण जुळलं नसतं तर माझ्या खोट्याला निदान तिथेच लगाम बसला असता.

सातव्या फेरीला मी गाडी लावली आणि उतरलो. ती आधीच पुढच्या चाकापाशी वाकली होती. मग मागच्या. मग पुन्हा पुढच्या. मग वही उघडून बघितलं, जणू वहीतलं काही बदललं असेल.

"जुळलं," ती म्हणाली.

मी गाडीच्या टपावर हात टेकून उभा राहिलो. एवढ्या प्रकरणात ही एकच गोष्ट मी खोटी केलेली नाही. ती आपोआप जुळली.

"एकोणीस वर्षं," खडूबाई म्हणाली.  रबराचा तुकडा तिथेच विसरून चालायला लागली, मग चार घरं गेल्यावर परत येऊन घेऊन गेली.

सुनावणी वॉर्ड ऑफिसच्या तिसऱ्या मजल्यावर. लांबट खोली, एक टेबल, पलीकडे साहेब. तरुण होता, चेहऱ्यानं बरा. टेबलावर माझा परवाना ठेवलेला, त्याच्याशेजारी रद्दचा शिक्का. माझं अपील त्यानं चाळलं आणि खडूबाईला विचारलं, "बाई, नोंद तुमचीच ना?"

"माझीच. नोंद खरी आहे."

"झालं तर मग."

"पण साहेब, नोंद खरी असूनही गाडी हललेली असू शकते. मी काल बघितलं." आणि तिनं सात फेऱ्यांचा कागद पुढे ठेवला. चाकं कशी बरोबर फिरतात ते तिनं दोन पेपरवेट टेबलावर गोल गोल सरकवून समजावलं. माझेच शब्द होते, पण तिच्या तोंडी ते जास्त पटत होते.

साहेबानं कागद बघितला. बराच वेळ बघितला. मग उठून दार लावलं.

"बाई, तुम्ही काय म्हणताय कळतंय का तुम्हाला? हे मी लिहून घेतलं तर पद्धतच चुकीची ठरते. उद्यापासून या दारात रांग लागेल. एकोणीस वर्षांच्या पावत्या घेऊन येतील लोक."

"येतील," ती म्हणाली. "आले पाहिजेत."

"नाही. हे या खोलीत झालंच नाही." त्यानं सात फेऱ्यांचा कागद उचलून स्वतःच्या ड्रॉवरमध्ये टाकला. "माझ्यासमोर दोनच गोष्टी आहेत. नोंद बरोबर असेल तर यांचा परवाना रद्द. नोंद चुकीची असेल तर तुम्ही तसं लिहून द्या. की गुरुवारी चाक प्रत्यक्ष न बघता आधीचेच आकडे उतरवले."

"मी न बघता कधीच लिहीत नाही."

"मग परवाना रद्द." आणि त्यानं शिक्का उचलला.

खडूबाईनं माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता, ती अंदाज घेत होती. माझ्या तोंडात वाक्य तयार होतं. साहेब, थांबा, गाडी हलली नव्हती. एवढी पाच शब्दांची गोष्ट. मला त्या वेळी हिचे सुजलेले पाय दिसत होते, पुलाचा चढ दिसत होता, आणि मी मूग गिळून बसलो. हे सांगताना आजही कानशिलं तापतात.

"कागद द्या," ती म्हणाली.

तिनं लिहायला वेळ लावला. एक शब्द खोडला, पुन्हा लिहिला, खाली सही केली. साहेबानं शिक्का बाजूला ठेवला, माझा परवाना माझ्याकडे सरकवला आणि तिला म्हणाला, "यावर कारवाई होणार, माहीत आहे ना? बढती वगैरे आता विसरा." ती म्हणाली, "माहीत आहे."

मी परवाना खिशात घातला. तिचे आभारसुद्धा मानले नाहीत. आभार मानले असते तर कशाबद्दल, ते बोलावं लागलं असतं.

गल्लीत माझं स्वागत झालं. खडूबाईला पाणी पाजून आलेला माणूस! जो तो विचारायचा, काय झालं, काय झालं. मी एवढंच सांगितलं की तिनं लिहून दिलं, चाक न बघता आकडे टाकले. कागदावर तेच होतं. ज्यांच्या ज्यांच्या पावत्या फाटल्या होत्या त्या सगळ्यांचा जीव थंडावला. कोपऱ्यावरचा लॉन्ड्रीवाला म्हणाला, "मला आधीपासूनच वाटत होतं." तिची बदली झाली, शहराबाहेर जप्त गाड्यांच्या आवारात. आमच्या गल्लीत पुढे चाकांचे फोटो काढणारे दोघे यायला लागले.

घरी हिनं विचारलं, "तिनं खरंच बघितलं नव्हतं?"

"बघितलं होतं."

ही खिडकीकडे तोंड करून झोपली. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीत बसताना म्हणाली, "मला या गाडीत बसायची लाज वाटते." पण बसावं तर लागत होतंच. पुढे दर दोन-चार दिवसांनी तिचं एकच पालुपद. "जाऊन सांगून या तिला. ऑफिसात नको, तिला सांगा."

चार महिन्यांनी गेलो. तारेच्या कुंपणाआड धूळ खात पडलेल्या गाड्या, फाटकाशी पत्र्याची केबिन, आत खडूबाई. तिनं ओळखलं. स्टूल पुढे केलं, हिची चौकशी केली. मी पाणी मागितलं, ते प्यायलो, वाक्य जुळवत होतो. तेवढ्यात तीच म्हणाली, "बरं झालं आलात. एक विचारायचं राहून गेलं होतं. त्या दिवशी खोलीत विचारलं असतं तर तुम्ही अडचणीत आला असता. त्या बुधवारी गाडी हलली होती ना?"

हेच सांगायला मी आलो होतो. पण तिचा चेहरा बघितला आणि वाटलं, या बाईनं माझ्या शब्दावर सगळं सोडलं, आता तो शब्द खोटा होता असं सांगून काय तिच्या पदरात घालू? दया आली मला. माझी दया!

"हो," मी म्हणालो. "हलली होती."

तिनं मान हलवली. टेबलावरचं रजिस्टर उगाच सरळ केलं. "म्हणजे माझी वही चुकलीच," ती म्हणाली. "मला वाटायचं, निदान त्या दिवशी तरी ती बरोबर असेल. उगाच आशा." आणि हसायचा प्रयत्न केला तिनं.

मी उठलो, फाटकापर्यंत गेलो. फाटकाची कडी हातात धरून उभा राहिलो, आणि मग परत वळलो.

"बाई, गाडी हलली नव्हती. ही तापानं पडली होती, मी घरातच होतो. औषधाचं मी खोटं लिहिलं."

ती उभी राहिली. मला वाटलं आता कानाखाली बसणार, आणि बसली असती तर बरंच झालं असतं.

"मी बघितलं होतं," ती म्हणाली. मला नव्हे, कुंपणाकडे बघत. "पुढचं वाकून बघितलं, मागचं वाकून बघितलं. मी बघितलं होतं." तिचे डोळे भरून आले आणि चेहरा उजळला, दोन्ही एकदमच. मग मी तिथे आहे हे तिच्या लक्षात आलं. "आणि तुम्ही मला सात फेऱ्या मोजत फुटपाथवर बसवलंत? चालते व्हा इथून."

मी निघालो. फाटकाबाहेर पोचलो तेव्हा तिनं मागून हाक मारली. "अहो! हे गल्लीत कुठे बोलू नका. कुणीतरी ऑफिसात कळवेल आणि तुमच्या बायकोची दारातली जागा जाईल."

मी बोललो नाही. ही पुढे पावणेचार वर्षं जगली, आठवड्यातून तीनदा दारातून गाडीत बसून गेली आणि दारात उतरली. तेवढी वर्षं गल्ली खडूबाईला खोटारडी म्हणत राहिली, आणि मी तिच्याच सांगण्यावरून गप्प आहे असं स्वतःला समजावत राहिलो. खरं सांगायचं तर मला ते सोयीचं होतं.